पंचेचाळीसवर वाजलेली काळी

आमच्या गल्लीत माझ्या मामाबद्दल एक गोष्ट अगदी पक्की मानली जाते. त्याने माझ्या बाबांचे दोन्ही हात मोडले. खालच्या मजल्यावरची शिवणवाली हे सांगते तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे ओठ न हलवता दातांच्या फटीतून आवाज येतो, "गिटार घातली हो, गिटार! सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यावर!" कोपऱ्यावरच्या न्हाव्याची तऱ्हा वेगळी. तो गिऱ्हाइकाच्या कानाशी कात्री थांबवतो. "स्टेजवर. सगळ्यांच्या देखत." कच्. "आधी एक हात." कच्. "मग दुसरा." गिऱ्हाईक बिचारं मान हलवू शकत नाही, म्हणजे त्याला पटलं असं न्हावी धरून चालतो.

यातलं काहीही झालेलं नाही. मामाने जन्मात कुणावर गिटार उगारलेली नाही. एकदा एका गावात स्टेजवर गिटार आपटून फोडायची असं त्याने ठरवलं होतं, पंक संगीत वाजवणारा बँड म्हटल्यावर एवढी तोडफोड तरी केली पाहिजे म्हणून. ऐन वेळी त्याला गिटारची दया आली. त्याने ती हळूच बाजूला टेकवली आणि जवळची खुर्ची आपटली. खुर्ची हॉलवाल्याच्या आईची निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तिच्या अंगणात बसून खुर्चीचा पाय चिकटवत होता आणि म्हातारी त्याला "इकडे अजून जरा, इकडे" असं बोट दाखवत होती. असा हा आमचा गुंड.

गल्लीत त्याला भोंगा म्हणतात. त्याचा गाण्याचा आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा एकदम लागतो आणि बंद कधी होणार ते कुणालाच ठाऊक नसतं. पोटापाण्यासाठी तो वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. दिवसभर लोकांच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसलेला असतो. जगातल्या निम्म्या हरवलेल्या मोज्यांचा पत्ता त्याला माहीत आहे. मशीन पिळण्यावर आलं, घडघड वाढली, की त्याची मान आपोआप डोलायला लागते. घरातल्या बाईला वाटतं, मशीन नीट झालं म्हणून हा खूश आहे.

बाबा त्याच्या बँडचे ड्रमर. बँडचं नाव 'गंजका नळ'. बाबा आधी मामाचे दोस्त होते, मग आईशी लग्न करून त्याचे दाजी झाले. आई म्हणते, "लग्नाआधी मी यांना नीट पाहिलंच नव्हतं. समोर झांजा आणि मागे घाम. नवरा असा असतो हे नंतर कळलं."

मामाच्या खोलीत पलंगापेक्षा कपाट मोठं आहे आणि कपाटात कपडे नाहीत, रेकॉर्ड आहेत. दुकानात मिळतात तसल्या नव्हेत. कुणी घरच्या घरी वाजवून, थोड्याशा प्रती छापून, दोस्तांत वाटलेल्या. दौऱ्यावर रीतच असते तशी: ज्या बँडबरोबर वाजवलं त्याला आपली रेकॉर्ड द्यायची आणि त्याची घ्यायची. नाव-गाव विचारायला वेळ नसतो, व्हॅन सुरू झालेली असते.

मामाचं मत असं, की चांगल्या रेकॉर्डमध्ये खोली ऐकू आली पाहिजे. स्टुडिओत धुऊन-पुसून काढलेलं गाणं म्हणजे हॉटेलातली चादर, स्वच्छ असते पण कुणाची नसते. त्याच्याकडे तीन बहिणींची एक रेकॉर्ड आहे, स्वयंपाकघरात वाजवलेली. मधल्या गाण्यात किटली शिट्टी मारायला लागते, धाकटी ओरडते, "अगं बंद कर ना कुणीतरी!" आणि कुणीच उठत नाही, कारण तिघींचेही हात गुंतलेले. ते ऐकताना मामा दर वेळी हसतो आणि दर वेळी त्याचे डोळे भरतात. दुसरी एक आहे ती बस ड्रायव्हरांच्या बँडची. डेपोत उभ्या असलेल्या बसमध्ये वाजवलेली. शेवटच्या गाण्यात कुणीतरी काच ठोठावतं आणि विचारतं, "ही कधी सुटणार?" मामा म्हणतो, याहून चांगला शेवट कुठल्या गाण्याला सुचलेला नाही.

पण या सगळ्यांची राणी म्हणजे काळी. हे नाव मामानेच दिलेलं. आवरण नुसता काळा कागद, त्यावर ना नाव, ना फोटो. मधलं गोल लेबलही कोरं. एका दौऱ्यात कुणाच्या तरी पिशवीतून कुणाच्या तरी पिशवीत फिरत ती मामाकडे आली. लहान आकाराची रेकॉर्ड. लहान रेकॉर्ड पंचेचाळीसच्या वेगाने फिरवायची, मोठी तेहतीसच्या, हे शेंबड्या पोरालाही माहीत असायचं तेव्हा. मामाने प्लेअरचा खटका पंचेचाळीसवर ठेवला, सुई टेकवली, आणि जागच्या जागी खिळून राहिला.

एवढ्या वेगाने माणूस वाजवू शकतो हे त्याच्या गावीही नव्हतं. ड्रम म्हणजे पत्र्यावर गारा. आणि त्यावर एका मुलीचा आवाज. भाषा कळत नव्हती, पण मुलगी रागावलेली आहे, रडवेली आहे आणि मागे हटणार नाही, एवढं समजत होतं. मामा तिच्या प्रेमात पडला. चेष्टा नाही, खराखुरा पडला. आईने ओळखीतल्या कुठल्याही मुलीचा विषय काढला की म्हणायचा, "चांगली आहे गं, पण आवाज जरा जाड आहे." आई वैतागायची. "तुला बायको हवी आहे का शिट्टी?" लग्न राहिलं ते राहिलंच.

"हे आपण वाजवायचं," तो बाबांना म्हणाला.

बाबांची नक्कल करणं सगळ्यात अवघड, कारण ते नक्कल करण्याएवढं बोलतच नाहीत. त्यांनी काळी शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "माणूसच वाजवतोय ना?"

"माणूसच."

"मग जमेल."

मामाने काळी कॅसेटवर भरून दिली. बँड जिथे सराव करायचा त्या टायरच्या गोदामात रोज संध्याकाळी बाबा कॅसेट लावून बसायचे. तिच्यामागे धावायचे, मागे पडायचे, रिवाइंड करायचे. वर्षभराने जमलं. मग गावोगावचे लोक गाणं सोडून बाबांचे हात बघायला पुढे येऊन उभे राहायला लागले. बाबांनी आयुष्यात एकदाच काय ती फुशारकी मारली असेल. आम्हाला म्हणाले होते, "असं वाजवणारे जगात दोघंच. तो आणि मी." तो म्हणजे काळीतला ड्रमर.

दौऱ्यांबद्दल मामा बोलायला लागला की त्याला आवरावं लागतं. त्याच्या मते दौरा म्हणजे वाजवणं नव्हेच, दौरा म्हणजे वाट बघणं. व्हॅन सुरू व्हायची, हॉलची किल्ली यायची, साउंडवाल्याचं "चेक, चेक, हां, चेक" संपायची. साउंडवाला जगात सगळीकडे एकच असतो. त्याला सर्दी झालेली असते आणि बिघाड नेहमी तुमच्या वायरमध्ये असतो. आयोजकही एकच. "काळजी सोडा हो! आज हॉल फुटणार!" हॉलमध्ये मग तो, त्याचा भाऊ आणि कुलूप लावायला थांबलेला झाडूवाला. तरी सगळी गाणी वाजवायची हा बँडचा नियम होता. एका ठिकाणी झाडूवाला शेवटी म्हणाला, "अजून एखादं असेल तर होऊ द्या, मला घाई नाही." तेवढी दाद पुन्हा मिळाली नाही, असं मामा म्हणतो.

झोपायचं कुणाच्या तरी फरशीवर. मोठ्या ड्रममध्ये आवाज दबावा म्हणून एक उशी कोंबलेली असते. झोपताना ती बाबांना मिळायची. बाबा डोकं जमिनीवर टेकवायचे आणि उशीवर ठणकणारे हात ठेवायचे. मामा शेजारीच असायचा. त्याने हे पाहिलं होतं. पाहिलं आणि कूस बदलली, कारण पुढचं गाव ठरलेलं होतं.

शेवटच्या दौऱ्यात बाबांची बोटं मिटेनात. काठ्या हातातून निसटायला लागल्या. तेव्हा बाबांनीच वायरची काळी टेप पुढे केली. "बांध." मग रोज वाजवण्याआधी मामा त्यांच्या हातांना काठ्या बांधायचा आणि नंतर सोडवायचा. टेपबरोबर केस निघायचे, कधी कातडीही. बाबा "हं" म्हणायचे, बस. परत आल्यावर डॉक्टरांनी पेनाने टेबलावर टकटक करत विचारलं, "आधी का नाही आलात?" टकटक. "आधी का नाही आलात?" बाबांचं लक्ष पेनाकडे होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "तालात नव्हता."

असे गेले ते हात. आता बाबा एका गोदामाच्या वजनकाट्यावर बसतात. ट्रक येतो, काट्यावर चढतो, बाबा तळहाताने एक जाडजूड बटण दाबतात आणि आकडा वाचून दाखवतात. शर्टाची बटणं लावता येत नाहीत म्हणून आईने सगळी काढून चिकटपट्टी शिवली. संध्याकाळी बाबा घरी येऊन शर्ट काढतात तेव्हा टर्रर्र असा आवाज होतो, आणि आमच्या घरात वाद्य म्हणून तेवढंच उरलं आहे. मामा दर रविवारी यायचा. दाजी आणि तो समोरासमोर बसायचे, मामा बोलायचा, बाबा बोलायचे नाहीत, आणि दोघांची दुपार छान जायची.

गेल्या वर्षी एका नव्या बँडच्या पोरांनी मामाला दौऱ्यावर चलायची गळ घातली. "काका, तुम्ही नुसतं शेवटचं गाणं म्हणा." काका म्हटल्यावर मामाचा चेहरा पडला, पण गेला. दर ठिकाणी शेवटी काळीतलं एक गाणं म्हणायचा. बरेच लांब गेले होते, भाषाही वेगळी होती. तिथे कार्यक्रम संपल्यावर एक टक्कल पडलेला, जाड भिंगांचा माणूस पुढे आला. मोडक्यातोडक्या भाषेत, प्रत्येक शब्द खिशात शोधल्यासारखा काढत म्हणाला, "गाणं... चांगलं. पण घाई... कसली? आग लागली?"

मामा त्याला काळीबद्दल सांगायला लागला. ती मुलगी, तिचा आवाज, आपण अर्धं आयुष्य तिला शोधतोय वगैरे. माणूस ऐकत राहिला. मग म्हणाला, "उद्या दुकानात ये."

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. भिंतभर रिकाम्या फ्रेमा, सगळ्या मामाकडे बघताहेत अशा. त्याने मागच्या खोलीतून काळं आवरण आणलं. तेच. प्लेअरवर रेकॉर्ड ठेवली. खटका तेहतीसवर. सुई टेकली आणि कुणीतरी ओझं ओढत जिना चढावं तसं गाणं सुरू झालं.

"स्पीड चुकलाय," मामा म्हणाला.

"नाही."

आवाज पुरुषाचा होता. जाड, दमलेला. मामाने वर पाहिलं तर चष्मेवाल्याचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते.

झालं होतं ते एवढंच. त्यांना लहान रेकॉर्डमध्ये जास्त गाणी बसवायची होती, म्हणून त्यांनी ती मोठ्या रेकॉर्डच्या, तेहतीसच्या वेगाने भरून घेतली. वेग लेबलवर छापायचा राहिला, आणि पंचेचाळीसवर पळवल्यावर ड्रमच्या गारा झाल्या, आवाज बारीक होऊन मुलीचा झाला. "वाटलं... कळेलच सगळ्यांना," चष्मेवाला म्हणाला. मग मामाचा चेहरा बघून त्याला हसू फुटलं. खोकला लागेपर्यंत हसला, भिंगं पुसली आणि म्हणाला, "बिचारा... तुमचा ड्रमर!"

आणि मामाही हसला. दोघं टेबलाला धरून हसले. दारात उभी पोरंही हसली.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये पोरं तोच किस्सा घोळवत होती. मामा खिडकीशी बसला होता. आधी त्याला ती मुलगी आठवली. ती कधी नव्हतीच. जिच्यासाठी इतक्या वर्षांत कुणाला हो म्हटलं नाही, ती एक टकला चष्मेवाला निघाली. यावर माणूस हसूही शकतो. पण मग त्याला दाजींचे हात आठवले. माणूसच वाजवतोय ना, असं त्यांनी विचारलं होतं. आणि माणूसच, असं त्याने सांगितलं होतं. त्या वेगाने कुणीच वाजवत नव्हतं. जगात दोघंच, असं दाजी म्हणाले होते, तर तेही खोटं. एकच होता. मामाला वाटलं, गल्ली काही फार चुकीचं बोलत नाही. फक्त त्यांना गिटार दिसते.

त्यानंतर तो रविवारी यायचा बंद झाला. फोनवर कारणं सांगायचा, तीही एका दमात, पाठ केल्यासारखी. "ताई, अर्जंट मशीन आहे, पाणी घरभर झालंय, लहान मूल आहे घरात." आई म्हणायची, "दर रविवारी तेच मूल बुडतंय का रे?" बाबा दाराकडे बघून एवढंच विचारायचे, "नाही आला?"

शेवटी आईने आमचंच मशीन बिघडल्याचा निरोप धाडला. बाबा कामावर असतील अशी वेळ साधून मामा आला. मशीन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "याला काही झालेलं नाही."

"याला नाहीच झालेलं," आई म्हणाली. "तुला काय झालंय ते सांग."

मग मशीनच्या मागे, भिंतीला पाठ लावून त्याने सगळं सांगितलं. चष्मेवाल्याचा आवाज काढून, पोरांचे आवाज काढून, स्वतःचं हसणंसुद्धा. मी हसले. आई हसली नाही.

"नाही सांगायचं त्यांना," ती म्हणाली. "तुझ्या छातीवरचा धोंडा त्यांच्या छातीवर जाईल, एवढंच होईल. त्यांच्याकडे दुसरं आहे काय? मी वाजवलं होतं, एवढंच आहे ना?"

"पोरं जाईल तिथे सांगत सुटलीत, ताई. कुणीतरी काट्यावर ट्रक लावेल आणि खिडकीतून ओरडून सांगेल. हसत सांगेल."

आई बराच वेळ ओला नळ पुसत राहिली. "मग ये रविवारी," ती म्हणाली. "पण तू हसलास तर माझ्याशी गाठ आहे."

रविवारी मामा स्कूटरवर प्लेअर बांधून आला. जुना, लाकडी पेटीतला, दगडासारखा जड. मी काळी घेतली, तो पेटी घेऊन जिना चढायला लागला. दुसऱ्या मजल्यावर थांबला. पेटी कठड्यावर टेकवली.

"दाजी मला जा म्हणणार."

"बाबा? त्यांनी आजवर माशी हाकलली नाहीये."

"मी ओळखतो त्यांना. तुझ्या आधीपासून."

"ते चहा घे म्हणतील. लाव पैज."

"लावली. हरेल त्याने ही पेटी खाली न्यायची." आणि कपाळावरचा घाम पुसून तो चढायला लागला.

बाबा टेबलाशी बसले होते. मामाला बघून त्यांचा चेहरा इतका उजळला की मामाने पेटी ठेवता ठेवता मान खाली घातली. "काळी आणलीये," तो म्हणाला. बाबांनी खुर्ची पुढे ओढली. मामाने खटका तेहतीसवर सरकवला आणि सुई टेकवली.

"पट्टा सैल झालाय तुझ्या प्लेअरचा," बाबा म्हणाले.

"नाही, दाजी. हीच आहे ती. अशीच आहे."

मग त्याने सांगितलं. गाणं चालू असतानाच, त्याच्याहून हळू आवाजात. चष्म्यांचं दुकान, कोरं लेबल, टकला माणूस. एकही आवाज न काढता, साध्या स्वतःच्या आवाजात. मला वाटलं, हसण्याचा भाग तो गाळेल. गाळला नाही. "तो म्हणाला, बिचारा तुमचा ड्रमर. आणि मीही हसलो, दाजी. त्याच्याबरोबर मीही हसलो."

 बाबांचे हात टेबलावर होते. उजवा हात उचलला गेला आणि तळव्याच्या कडेने लाकडावर पडला. मग डावा. पुन्हा उजवा. ताठ, न मिटणारी बोटं तशीच वर राहत होती, पण प्रत्येक ठोका रेकॉर्डमधल्या ड्रमच्या ठोक्यावर नेमका बसत होता. एकही चुकला नाही. बाबांचं तिकडे लक्षही नव्हतं. ते रेकॉर्डकडे बघत होते. एक गाणं संपलं, दुसरं लागलं, आणि हात चालूच राहिले. सावकाश, जराही न दुखता, बघणाऱ्याला वाटावं की हे असं आयुष्यभर चालू शकलं असतं.

बाजू संपली. सुई मध्यावर जाऊन खरखरत राहिली.

"हे मी आजही वाजवेन," बाबा म्हणाले. काट्यावरचं वजन वाचून दाखवावं तसं. त्यात तक्रार नव्हती.

"दाजी..."

"जा तू आता."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थांबली. मामाने मान हलवली, उठला, पेटी उचलायला वाकला.

"ते राहू दे," बाबा म्हणाले. "रेकॉर्ड पण."

मी पैज हरले होते. पण पेटी वरच राहिली, त्यामुळे न्यायला काही नव्हतं. मी रिकाम्या हातांनी मामाबरोबर खाली उतरले. शिवणवालीने टाचण्या तोंडात धरून आमच्याकडे पाहिलं आणि पाय थांबवून मशीन बंद केलं, ऐकू यावं म्हणून. मामा स्कूटरपाशी गेला आणि आमच्या खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, बराच वेळ. वरून ना हाक आली, ना ठोका.

"जिंकलो," तो म्हणाला, आणि खिशात किल्ली शोधायला लागला.